क्योतोहून नारा : कोणत्या गाडीनें जावें?

जपानांतील क्योतो व नारा हीं दोन्हीं नगरें एके काळच्या राजधान्या. इ. स. ७१० पासून ७८४ पर्यंत राजपीठ नारा येथें होतें. ७९४ सालीं तें क्योतोस गेलें व पुढें सुमारें हजार वर्षें तेथेंच राहिलें. दोहोंमधील अंतर लोहमार्गानें अवघें चाळीस किलोमीटर, म्हणजे पुण्याहून तळेगांवास जाण्याहून थोडें अधिक. एवढ्याशा प्रवासाचा विचार तो काय करावयाचा, असें वाचकांस वाटेल. परंतु गेल्या कार्तिकांत आम्ही सहा माणसें क्योतोस उतरलों असतां ह्या चाळीस किलोमीटरांनीं आमची एक सबंध संध्याकाळ घेतली. त्या निमित्तानें जें समजलें तें घरांतील वडील माणसांसह तिकडे जाणाऱ्या कुटुंबांस उपयोगी पडेल, म्हणून येथें लिहीत आहों.

क्योतोच्या मुख्य स्थानकांतूनच नाराकडे दोन निरनिराळे लोहमार्ग निघतात. एक जेआरचा. ही पूर्वींची सरकारी रेल्वे. १९८७ सालीं तिचे विभाग करून तिच्या कंपन्या करण्यांत आल्या. हा मार्ग १८९६ पासून चालू आहे. दुसरा किन्तेत्सु ह्या खासगी कंपनीचा. तो १९२८ सालीं सुरू झाला. जेआरची 'मियाकोजी' नांवाची जलद गाडी सुमारें पाऊण तासांत पोहोंचविते. किन्तेत्सुच्या खास जलद गाडीस पस्तीस मिनिटें पुरतात. तींत प्रत्येकाची जागा राखलेली असते, मात्र भाड्यावर निराळा अधिभार द्यावा लागतो. अधिभार नको असेल तर त्याच मार्गावर साधी जलद गाडी आहे. तिला पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि कधीं कधीं यामातो-साइदाइजी येथें गाडी बदलावी लागते. म्हणजे वेळापत्रक पाहिलें तर सारा वाद दहा मिनिटांचा.

आमच्या पुतण्यानें निघण्यापूर्वींच सर्वांकरितां जेआरचा सात दिवसांचा पास काढला होता. परदेशी प्रवाशांसाठीं असलेल्या ह्या पासाचें मूल्य २०२३ च्या ऑक्टोबरांत माणशीं २९,६५० येनांवरून एकदम ५०,००० येनांवर गेलें. हा पास किन्तेत्सुवर चालत नाहीं. "काका, एवढे पैसे आधींच भरले आहेत. जेआरनें गेलों तर नारा फुकटांत होतें. दहा मिनिटांसाठीं पुन्हां तिकिटें कशाला काढायचीं?" असें त्याचें म्हणणें. त्याचा हिशेब खरा होता. सहा माणसांचें भाडें व वर अधिभार, हा खर्च संसारी माणसानें डोळ्यांआड करण्याजोगा नव्हे.

आम्हीं मात्र वेळापत्रक मिटलें व नकाशा उघडला. नारा येथें ह्या दोन मार्गांचीं स्थानकें एके ठिकाणीं नाहींत. जेआरचें स्थानक नगराच्या पश्चिम अंगास आहे. किन्तेत्सुचें स्थानक भूमीखालीं असून तें त्याहून सुमारें एक किलोमीटर पूर्वेस आहे. हरिणांचें उद्यान, कोफुकुजी, तोदाइजी हीं प्रेक्षणीय स्थळें सारीं पूर्वेकडेच. किन्तेत्सुच्या स्थानकापासून तोदाइजीचें मंदिर पायीं वीस मिनिटांवर. जेआरनें उतरल्यास त्यांत आणखी पंधरा मिनिटांची चढती वाट मिळवावी लागते. बस दोन्हीं स्थानकांवरून मिळते खरी. पण शरद ऋतूंतील गर्दींत तींत बसावयास जागा मिळेलच असें नाहीं. मोटारी कराव्या तर सहा माणसांस दोन लागणार.

आमच्या वहिनींचें वय चौऱ्याहत्तर; गुडघे दुखरे. तोदाइजीची इच्छा मूळ त्यांचीच. आमचे दिवंगत वडील बंधू त्यांस बोधिसेनाची हकीकत नेहमीं सांगत. हा भारतीय ब्राह्मण भिक्षु चीनमार्गें ७३६ सालीं जपानांत गेला. सम्राट् शोमु ह्यानें घडविलेल्या वैरोचन बुद्धाच्या प्रचंड मूर्तीचें नेत्रोन्मीलन ७५२ सालीं झालें, तेव्हां डोळे रेखण्याचा मान त्यास मिळाला. त्याच्या कुंचल्यास लांब दोर बांधले होते, व जमलेल्या मंडळींनीं ते हातीं धरून त्या पुण्यांत वांटा घेतला. तो कुंचला शोसोइन ह्या भांडारांत अद्यापि जतन केलेला आहे. जपानी लोक बोधिसेनास 'बरामोन सोजो' म्हणतात. त्यांतील 'बरामोन' म्हणजे आपला 'ब्राह्मण' शब्दच होय. बंधूंच्या मनांत एकदां तेथें जावयाचें होतें. तें राहून गेलें.

वाद रंगला असतां वहिनी इतकेंच म्हणाल्या, "भाऊजी, माझ्या पायांत आतां दिवसाचीं मोजकींच पावलें उरलीं आहेत. तीं मला देवाच्या वाटेवर खर्चायचीं आहेत, बाजाराच्या नव्हेत." पुतण्या क्षणभर गप्प राहिला, मग उठून त्यानेंच किन्तेत्सुच्या सहा जागा राखल्या.

त्या मार्गाचा एक लाभ आम्हांस ठाऊकच नव्हता. साइदाइजी सोडल्यावर गाडी जुन्या राजवाड्याच्या विस्तीर्ण पटांगणामधूनच जाते. १९९८ सालीं पुन्हां उभारलेलें तांबडें सुझाकु द्वार खिडकींतून स्पष्ट दिसतें. पुढें वीस मिनिटांच्या पायवाटेस आम्हांस तासभर लागला, कारण वहिनी थांबत थांबत चालल्या आणि नातीस हरिणांनीं अडविलें. परंतु १७०९ सालीं पुन्हां बांधलेल्या त्या अवाढव्य लांकडी मंदिरांत, सुमारें पंधरा मीटर उंच वैरोचनापुढें, वहिनी स्वतःच्या पायांवर बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांनीं तेथें काय मागितलें तें आम्हीं विचारलें नाहीं.

परततांना आम्ही दोन वाटा केल्या. पुतण्या, सूनबाई व नात पास घेऊन जेआरनें निघालीं व वाटेंत उजी येथें उतरलीं. तेथील चहा प्रसिद्ध आहे. १०५३ सालचें ब्योदोइनचें मंदिर जपानच्या दहा येनांच्या नाण्यावर दिसतें. आम्ही तिघें वृद्ध किन्तेत्सुच्या राखलेल्या जागांवर बसून आलों. पासहि वायां गेला नाहीं, गुडघेहि नाहींत.

तेव्हां ज्यांचे पाय धडधाकट आहेत, ज्यांजवळ पास आहे किंवा ज्यांस उजी पाहावयाचें आहे, त्यांनीं जेआर घ्यावी. इनारीचें देवस्थान त्याच मार्गावर आहे. पण तेथें मियाकोजी थांबत नाहीं, मंदगति गाडीच धरावी. बरोबर वृद्ध किंवा लहान मुलें असून ध्येय तोदाइजी असेल, तर किन्तेत्सु बरी. मात्र खास गाडीचें अधिभाराचें तिकीट निराळें काढावें लागतें, हें विसरूं नये. मिनिटांचा व येनांचा हिशेब तरुण मंडळी करतीलच. पावलांचा हिशेब घरांतील वडील माणसांस विचारून करावा, आणि तोच आधीं करावा.