तहानेचा शब्द

२०२४ साली ईस्टर ३१ मार्चला आला. हा सण वसंतातल्या पौर्णिमेला धरून चालतो, त्यामुळे २२ मार्च ते २५ एप्रिल या दिवसांत तो कुठेही येऊ शकतो. त्या वर्षी होळी आणि झावळ्यांचा रविवार एकाच दिवशी, २४ मार्चला आले. उत्तम शुक्रवार २९ तारखेला आणि पुनरुत्थानाचा रविवार आर्थिक वर्षाच्या नेमक्या शेवटच्या दिवशी. सरकारी व्यवहार पाहणाऱ्या बँकांना रिझर्व्ह बँकेने त्या रविवारी कामकाज चालू ठेवायला सांगितले होते. याआधी ईस्टर ३१ मार्चला आला तो २०१३, २००२ आणि १९९१ साली. यापुढे येईल तो २०८६ साली.

मी नगरमध्ये एका पतसंस्थेत हिशेब पाहतो आणि रविवारी, बोलावतील तेव्हा, मंडळीत उपदेश करतो. पाळकाची दीक्षा मला नाही. कामावरून आल्यावर सेरामपूरच्या सेनेटचा ख्रिस्ती अध्ययनाचा अभ्यासक्रम घरबसल्या करतो. मार्च म्हणजे आमच्याकडे वसुली, थकबाकीच्या याद्या, रोजमेळ, ताळेबंदाची तयारी. त्याच महिन्यात उपवासकाळाच्या प्रार्थना सभा, घरोघरच्या भेटी, अभ्यासक्रमाचे लेखन. मित्रांचे फोन वाजतात आणि मागे पडतात. असा महिना सरला की, त्यात आपण नेमके काय केले, हे एकदा नीट मांडून पाहावेसे वाटते. त्या मार्चबद्दल मला एकच गोष्ट सांगायची आहे: एक उपदेश कसा तयार झाला.

उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन आमच्याकडे सात शब्दांची भक्ती असते. वधस्तंभावरून प्रभू जे सात वेळा बोलला, त्या एकेका शब्दावर एकेक वक्ता बोलतो. हे सात शब्द कोणत्याही एका शुभवर्तमानात एकत्र सापडत नाहीत. लूकमध्ये तीन आहेत, योहानात तीन, आणि एक मत्तय व मार्क या दोघांनी दिला आहे. तीन तासांची ही उपासना पेरूमधल्या लिमा शहरात जेझुइट धर्मगुरूंनी सुरू केली. तिथून ती जगभर गेली आणि पुढे प्रोटेस्टंट मंडळ्यांनीही आपलीशी केली. आमच्याकडे पाळकसाहेब उपवासकाळाच्या सुरुवातीलाच शब्द वाटून देतात. माझ्या वाट्याला पाचवा आला, तहानेचा: “मला तहान लागली आहे.” बोलायला पंधरा मिनिटे.

नगरला अदीक्षित माणसाने उभे राहून बोलण्याची परंपरा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात इथल्याच कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. नारायण वामन टिळकांची गीते आम्ही ‘उपासना संगीता’तून आजही गातो. या मंडळींनी शास्त्रातली गोष्ट इथल्या माणसाच्या कानाला ओळखीची करून दिली. उपदेशाची कला मी तीच मानतो. वचन दोन हजार वर्षांपूर्वीचे, दुसऱ्या मुलखातले, आणि ऐकणारी माणसे भिंगारची, केडगावची, सावेडीची. या दोहोंमध्ये उपदेशकाने आपला कान ठेवायचा असतो.

माझी पद्धत साधी आहे. शास्त्रभाग हातात आला की तो रोज सकाळी कामावर निघण्यापूर्वी एकदा मोठ्याने वाचायचा. टीकाग्रंथ पहिल्या आठवड्यात उघडायचे नाहीत. मोठ्याने वाचताना जीभ जिथे अडते, तिथे काहीतरी असते. योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायात माझी जीभ अडली ती भांड्यापाशी. तिथे आंबेने भरलेले एक भांडे ठेवलेले होते, असे योहान मुद्दाम सांगतो. वधस्तंभाच्या पायाशी भांडे कशाला? कोणाचे?

मग अभ्यास कामाला आला. आंब म्हणजे आंबट द्राक्षारस. त्यात पाणी मिसळून केलेले पेय रोमी शिपायांचे रोजचे, स्वस्तातले. म्हणजे ते भांडे बहुधा पहाऱ्यावरच्या शिपायांचेच असणार. लूक म्हणतो की शिपायांनी आंब पुढे केली ती थट्टा म्हणून. योहान थट्टेचा उल्लेख करत नाही. स्पंज भिजवला, एजोब नावाच्या झुडपाच्या काडीवर बसवला, तोंडाशी नेला आणि येशूने ती आंब घेतली, एवढेच तो लिहितो.

याच शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात प्रभूने आणखी एकदा पाणी मागितले आहे. सूखार गावाबाहेर याकोबाची विहीर, वेळ दुपारची, सहाव्या तासाची, म्हणजे बाराची. प्रवासाने थकलेला येशू शोमरोनी बाईकडे पाणी मागतो आणि ती चकित होते, कारण यहुदी शोमरोन्यांशी भांड्याचा व्यवहार ठेवत नसत. पिलाताने निकाल दिला तेव्हाही सुमारे सहावा तासच होता, असे योहान नोंदवतो. आणखी एक गोष्ट वारंवार वाचल्यावरच ध्यानात येते. त्या बाईने पाणी दिले, असे चौथ्या अध्यायात कुठेही लिहिलेले नाही. ती घागर तिथेच टाकून गावात धावली. विहिरीवर मागितलेले पाणी त्याला मिळाले की नाही, हे वाचकाला कळतच नाही. त्याच्या ओठांना काही लागलेले योहान दाखवतो ते थेट वधस्तंभावर, आणि तेही परक्या शिपायाच्या भांड्यातले.

एवढे हाती लागले आणि मार्चचा दुसरा पंधरवडा सुरू झाला. आता बसून लिहायला वेळ नव्हता. संस्थेतून निघायला रात्र व्हायची. अशा वेळी उपदेशक ग्रंथ उघडतो आणि दुसऱ्याचा विचार आपल्या वहीत उतरवतो, कारण तो लवकर होतो. मी वही पिशवीत ठेवली आणि तहानेचा शब्द डोक्यात घेऊन कामावर जात राहिलो.

त्या वर्षी रमजानही मार्चमध्येच आला होता, १२ तारखेपासून. आमच्या संस्थेची पिग्मी गोळा करणारा माझा जुना मित्र रोजे धरून उन्हात बाजारपेठ फिरत होता. एका संध्याकाळी तो भरणा करायला आला तेव्हा त्याचा आवाज बसलेला होता. मी विचारलं, “भुकेनं गळून जात असशील ना?”

“भुकेची सवय होते रे,” तो म्हणाला. “तहानेची होत नाही. चार वाजले की जीभ टाळूला चिकटते. मग बोलणंच नको वाटतं.”

“आणि दुकानदार?”

“ओळखीचे सगळे. कोणी विसरून ग्लास पुढं करतो, मग जीभ चावतो. मी म्हणतो, राहू दे शेठ, विचारलंत हेच खूप झालं.”

बाविसाव्या स्तोत्रात, दुःख सोसणाऱ्याची जीभ टाळूला चिकटल्याचे वर्णन आहे. वधस्तंभावरचा चौथा शब्द याच स्तोत्राच्या पहिल्या ओळीतून आलेला. ते स्तोत्र मी अभ्यासासाठी कितीदा वाचले होते. त्यातल्या तहानेला आवाज कसा असतो, हे मला मित्राच्या बसलेल्या गळ्याने सांगितले. तहानलेला माणूस कमी बोलतो. म्हणूनच वधस्तंभावरचा तो शब्द इतका आखूड आहे.

दुसरी गोष्ट काउंटरवर घडली. २०२३ च्या पावसाने ओढ दिली होती आणि दक्षिणेकडच्या तालुक्यांत टँकर सुरू झाले होते. पाथर्डीकडच्या एक बाई बचत गटाचा हप्ता भरायला आल्या. पावती होईपर्यंत त्यांनी कोपऱ्यातल्या माठातले पाणी घेतले. फुलपात्र तोंडाला न लावता, वरून. पिऊन झाल्यावर विचारलं, “भाऊ, हे पाणी कुठलं?”

“नळाचं. मुळा धरणाचं.”

“गोड हाय. आमच्याकडं टँकर येतो, विहिरीत ओततो. मग पोहरा टाकून शेंदायचं, गढूळ बसेपर्यंत थांबायचं. पाहुणा आला अन् पाणी मागितलं की आधी घागरीत किती हाय ते बघावं लागतं.”

“मग?”

“मग काय? द्यायचंच. पाणी नाही म्हणता येतं व्हय कुणाला?”

मी त्यांना विचारलं, “ताई, हे मी चर्चमध्ये सांगितलं तर चालेल का? नाव घेणार नाही.”

“सांगा की. त्यात लपवायचं काय हाय?”

हे विचारणे मी उपदेशाच्या कामाचाच भाग समजतो. दुसऱ्याचे दुःख, दुसऱ्याची गरज व्यासपीठावर नेताना त्याची परवानगी हवी. मंडळी लहान असते, शहर लहान असते, उदाहरण कोणाचे ते लोक ओळखतात. ज्याने विश्वासाने सांगितले त्याला रविवारी बाकावर बसून मान खाली घालावी लागली, तर त्या उपदेशाने सेवा केली नाही, हिरावून घेतले.

मग एका रात्री घरी येऊन मी वही उघडली आणि एक वाक्य लिहिले: ज्याच्या हातचे पाणी चालत नाही, त्याच्याकडेच देव पाणी मागतो. उपदेशाचे पहिले लिखित वाक्य हेच असावे, असा माझा आग्रह असतो. ते सापडेपर्यंत बाकीचे लिहू नये. सापडल्यावर त्याला जे लागू नाही ते गाळावे, कितीही कष्टाने मिळवलेले असले तरी. एजोबाचा वल्हांडण सणाशी असलेला संबंध मी गाळला. लिमा गाळले. शिपायांच्या पेयाला एकच वाक्य ठेवले.

महाडला मात्र जागा दिली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबत आलेले हजारो लोक चवदार तळ्यावर पाणी प्याले. नगर जिल्ह्यातल्या बहुतेक ख्रिस्ती घराण्यांचे पूर्वज गावकुसाबाहेरचे. माझी आजी सांगायची, विहिरीशी उभे राहायचे, कोणाला दया आली तर वरून पाणी ओतणार, आपण ओंजळ धरायची. भांडे पुढे करायचे नाही. आमच्या बाकांवर बसणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी ही गोष्ट आपापल्या आजीकडून ऐकलेली आहे. त्यांच्यापुढे शोमरोनी बाईचे भांडे नुसते शास्त्रातले भांडे राहत नाही. जगाचा तारणारा तिच्यासमोर बसला आणि म्हणाला, तुझ्या भांड्यातले दे. देणाऱ्याचा हात स्वच्छ आहे, हे त्याने मागून सांगितले. वधस्तंभावर त्याने तेच पुन्हा केले, आणि या वेळी हात शत्रूचा होता.

उपदेश लिहिताना मी बोलण्याची वाक्ये लिहितो, म्हणजे एका श्वासात संपतील अशी. लिहून झाले की घरात मोठ्याने वाचून दाखवतो. पत्नी शिवणाचे काम करता करता ऐकते. तिचे हात जिथे थांबतात ती जागा ठेवायची. जिथे ती मशीन पुन्हा चालू करते, तिथे कात्री लावायची. त्या रात्री तिचे हात पाथर्डीच्या ताईंपाशी थांबले आणि शेवटपर्यंत थांबलेलेच राहिले. म्हणून उपदेशाचा शेवट मी ताईंच्या प्रश्नावर केला. त्यानंतर बोध जोडला नाही. जो प्रश्न मंडळी स्वतःला विचारू लागली आहे, त्याचे उत्तर वक्त्याने घाईने देऊ नये.

शुक्रवारी मंडळी शांतपणे ऐकत होती. भक्ती संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ माझा हात धरून आपल्या गावच्या विहिरीबद्दल बोलत राहिले. रविवारी पहाटे कब्रस्तानात पुनरुत्थानाची भक्ती झाली, गीते झाली, सगळ्यांना सलाम झाला आणि मी तिथूनच संस्थेत गेलो. रात्री उशिरा वर्षाचा रोजमेळ जुळला.

एप्रिल मागे राहिलेल्या गोष्टींचा होता. अभ्यासक्रमाचे राहिलेले लेखन पूर्ण केले. ११ तारखेला ईदला मित्राकडे शिरखुर्मा प्यायलो आणि त्याच्या जिभेची गोष्ट मंडळीत कशी पोचली ते त्याला सांगितले. त्याच्या आईने ती पुन्हा सांगायला लावली. आजारी माणसांच्या भेटी घेतल्या. ज्या मित्रांचे फोन मार्चमध्ये घेता आले नव्हते त्यांच्याकडे गेलो आणि त्यांनाच बोलू दिले. मला काय काय करावे लागले याची यादी त्यांना नको होती. त्यांच्या मार्चमध्ये काय घडले, ते कोणीतरी ऐकायला हवे होते.

तरुण संघातली मुले मला विचारतात, नोकरी, परीक्षा, घर यांतून उपदेशाला वेळ कुठून काढायचा? मी त्यांना सांगतो, शास्त्रभाग लवकर मागून घ्या, पाठ होईपर्यंत वाचा आणि तो घेऊन कामाला जा. कामाच्या गर्दीत वेळ आटण्याआधी कान आटतो. समोरच्या माणसाकडे आपण हप्ता, पावती, सही म्हणून पाहू लागतो. तेवढे होऊ दिले नाही, तर उपदेशाची अर्धी तयारी काउंटरवरच होते. उरलेल्या अर्ध्यासाठी एक रात्र पुरते.

त्याच्या पुढच्या वर्षी, २०२५ साली, ईस्टर २० एप्रिलला होता. ताळेबंदाची मुख्य धावपळ तोवर संपलेली असणार होती आणि बसून लिहायला रात्री मोकळ्या मिळणार होत्या. तरीही माझा शब्द पाळकसाहेबांकडून फेब्रुवारीतच मागून घ्यायचे मी ठरवले. वसुलीच्या, रोज्यांच्या, टँकरच्या दिवसांत तो माझ्याबरोबर असायला हवा होता. त्याचा अर्थ मला ज्यांच्याकडून कळतो, ती माणसे याच दिवसांत काउंटरपाशी येतात.