तीन जेट्या, एक बॅटरी

पुण्याहून सायकलवर कोकणात जायचं म्हटलं, की मित्रमंडळी पहिला प्रश्न विचारतात, 'पाय दुखत नाहीत का गं?' दुखतात हो! पण पायांचं एक बरं असतं. ते आधी कुरकुरतात, मग ओरडतात आणि मगच बंद पडतात. हँडलवर लावलेला तो काडेपेटीपेक्षा जरासा मोठा जीपीएस मात्र गुपचूप जातो. एक बारीकसा 'टिंग', काळा स्क्रीन, संपलं!

माझा असाच गेला होता. मागच्या वर्षी जानेवारीत, आंजर्ल्याच्या पुढे, दुपारी अडीच वाजता.

प्लॅन सॉलिड होता. पुणे, ताम्हिणी, दिवेआगर. दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वरवरून बागमांडल्याची जेटी, मग केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळची जेटी आणि गुहागरला मुक्काम. तिसऱ्या दिवशी तवसाळची जेटी पार करून गणपतीपुळेमार्गे रत्नागिरी. तीन दिवस, तीन फेरीबोटी आणि मी एकटी. घरी परवानगी एकाच अटीवर मिळाली होती. 'लाइव्ह लोकेशन' चालू ठेवायचं! म्हणजे मी इकडे पेडल मारणार आणि आई कोथरूडमध्ये सोफ्यावर बसून नकाशावरचा निळा ठिपका बघणार. सासू-सुनांच्या सीरियलपेक्षा तिला हेच जास्त आवडायला लागलं होतं.

तो ठिपका आंजर्ल्यापाशी थांबला तो थांबलाच.

आता माझं गाढवपण सांगते. जीपीएसच्या खोक्यावर '२० तास' लिहिलेलं. मी म्हटलं, दिवसाला दहा-अकरा तास चालवणार, टेन्शन कशाला? खोक्यावरचे तास हे गाड्यांच्या जाहिरातीतल्या मायलेजसारखे असतात, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं! माझ्या स्क्रीनचा लाइट फुल्ल. दिवसभर नकाशाचं पान उघडं. फोनशी ब्लूटूथ, त्यावरून ऑफिसच्या ग्रुपचे मेसेज हँडलवर. लाइव्ह लोकेशन तर होतंच. पहिल्या दिवशी दिवेआगरला पोचले तेव्हा १४ टक्के उरले होते. होम-स्टेच्या खोलीत प्लग एकच! रात्रभर तिथे फोन बसला आणि जीपीएसच्या वाट्याला सकाळचा चहा-पोह्यांचा वेळ आला. निघाले तेव्हा ६४ टक्के. तासाला आठ टक्के या हिशोबाने अडीच वाजता खेळ खल्लास. गणित अगदी बरोबर होतं, फक्त मी ते केलं नव्हतं.

मग फोनवर नकाशा लावला. कोकणात डोंगराच्या कुशीत शिरलं की नेटवर्क जातं आणि ते शोधता शोधता फोन बिचारा स्वतःच दमतो. साडेपाचला तोही गेला. बुरोंडीच्या पुढे एका फाट्यावर चुकले. दोन किलोमीटर चढ चढून गेल्यावर रस्ता एका आंब्याच्या बागेच्या फाटकाशी संपला. आत कुत्रा, बाहेर मी आणि वर मावळतीचं लालभडक आकाश. फोटो काढायलाही काही शिल्लक नव्हतं.

दाभोळच्या जेटीवर पोचले तेव्हा आठ वाजले होते. तिकिटाच्या खिडकीतल्या काकांनी माझं तोंड बघितलं आणि न विचारताच स्वतःचा फोन पुढे केला. आईचा नंबर पाठ होता, हे नशीब. आता सगळेच नंबर फोनमध्ये, डोक्यात कुणाचे असतात? पलीकडे पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. आई काही बोललीच नाही. नंतर कळलं की गुहागरच्या होम-स्टेला तिचे चार फोन झाले होते आणि बाबा गाडीची किल्ली हातात घेऊन दारात उभे होते. साडेपाच तास तो ठिपका एकाच जागी होता. त्या काळात तिने काय काय बघितलं असेल डोळ्यांसमोर, ते मी अजून विचारलेलं नाही.

दाभोळच्या धक्क्यावरून खाडीच्या पलीकडे अंजनवेलच्या बाजूला दिवे दिसत होते. एकेकाळी 'एन्रॉन' म्हणून महाराष्ट्रभर गाजलेला तो वीज प्रकल्प, नाव दाभोळचं आणि जागा पलीकडची. एवढ्या मोठ्या वीज प्रकल्पासमोर मी दोन मेलेली यंत्रं घेऊन उभी होते. हसू पण आलं नाही तेव्हा.

राईड तिथेच सोडली. दुसऱ्या दिवशी बाबा आले आणि सायकल गाडीच्या कॅरियरवर चढली.

यंदा जानेवारीत पुन्हा गेले. तोच रस्ता, तीच सायकल, तोच जीपीएस. लोकांनी सुचवलं, नवा घे, जास्त तासांचा. पण पगार फ्रीलान्सरचा! म्हटलं, आधी आहे तोच नीट वापरून बघू. सायकल ग्रुपमधल्या एका सीनियरने, जो सहाशे किलोमीटरच्या ब्रेवे करतो (४० तासांत संपवायच्या असतात, म्हणजे एक आख्खी रात्र सायकलवर), संध्याकाळभर बसवून माझी शिकवणी घेतली. त्याचा पहिला फंडा: 'जीपीएस बॅटरी खातो असं म्हणू नकोस. तुझा स्क्रीन खातो.'

खरंच आहे. उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून सिग्नल पाठवत असतात, आपलं यंत्र नुसतं ऐकतं. त्याला मोबाइलचं नेटवर्कही लागत नाही. खर्च होतो तो लाइटवर, नकाशा पुन्हा पुन्हा रंगवण्यावर आणि फोनशी गप्पा मारण्यावर. माझ्या यंत्राचा स्क्रीन असा आहे, की उन्हात लाइटशिवाय उलट जास्त छान दिसतो. म्हणजे वर्षभर मी भर दुपारी ट्यूबलाइट लावून बसले होते!

तर यंदा लाइट शून्यावर आणला. पहाटे अंधारात बटण दाबलं तर पंधरा सेकंद लागतो, मग आपोआप जातो. चांदणी चौकातून साडेपाचला निघाले, पिरंगुटचा घाट चढले आणि मुळशीच्या पाण्यावर उजाडलं. थंडी अशी, की ग्लोव्हजमधली बोटं ब्रेक कुठाय ते विसरली. (बॅटरीलाही थंडी सोसत नाही बरं का. मनाली-लेहवाले रात्री जीपीएस स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपतात ते प्रेमापोटी नव्हे.) ताम्हिणीत 'बॅटरी सेव्ह' चालू केलं. यात स्क्रीन झोपतो, आत रेकॉर्डिंग चालू राहतं आणि वळण आलं की माझं यंत्र स्वतःहून जागं होऊन सांगतं. सुरुवातीला जाम चुकल्यासारखं वाटलं. किती झाले, स्पीड किती, चढ किती टक्के... हातातून रिमोट काढून घेतल्यासारखं! विळ्याच्या उतारावर मात्र लक्षात आलं, की गेल्या वर्षी या दरीचं मला काहीच आठवत नाहीये. आठवतो तो फक्त स्पीड.

निजामपूर, माणगाव, हायवेची तीच गर्दी, मग म्हसळा आणि बोर्ली पंचतन. उपग्रहांचे सगळे संच एकदम ऐकायचा 'मल्टी' मोडही बंद ठेवला होता, फक्त जीपीएस. घाटात झाडी आणि कड्यांमुळे माझी रेष नंतर जराशी झिंगलेली निघाली. म्हणजे नकाशात मी दोन-तीनदा दरीतून सायकल चालवलीय. चालेल! मोकळ्या किनाऱ्यावर तेवढं पुरतं. उंच इमारतींत किंवा ट्रेलवर अचूक रेष हवी असेल तर मल्टी मोड लावावा, पण मग बॅटरी जास्त जाणार हे धरून चालावं.

दिवेआगरला पोचले तेव्हा ५२ टक्के होते. मी त्या आकड्याकडे बँक बॅलन्ससारखी बघत बसले. त्याच काकूंकडे उतरले. त्याच खोलीत तोच एक प्लग. यंदा मी पाचवाली एक्स्टेन्शन पट्टी घेऊन गेले होते. काकू म्हणाल्या, 'अगो, सायकल चालवायला आलीस की दुकान टाकायला?'

दुसरा दिवस खरा परीक्षेचा. दिवेआगर ते श्रीवर्धन किनाऱ्याचा रस्ता इतका देखणा आहे, की तिथे स्क्रीन बघणाऱ्याला दंड करायला हवा. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला थेट समुद्र आणि सकाळी आठला अख्ख्या रस्त्यावर तुम्ही आणि एक दूधवाला. श्रीवर्धनात सुपारीच्या बागांचा गार वास. पुढे हरिहरेश्वर, मग उतरून बागमांडला.

आई आणि माझ्यात नवा करार झाला होता. ठिपका बंद! त्याबदल्यात प्रत्येक जेटीवरून एक एसएमएस. दिवसभर लोकेशन पाठवत राहणं म्हणजे जीपीएस आणि फोन, दोघांचंही रक्त शोषणं. शिवाय नेटवर्क गेलं की ठिपका थांबतो आणि थांबलेला ठिपका न दिसणाऱ्या ठिपक्यापेक्षा भयंकर असतो, हे आमच्या घरात आता वेगळं सांगावं लागत नाही. आई लगेच तयार झाली असं समजू नका. दोन आठवडे अबोला होता. शेवटी तिनेच जेट्यांची नावं आणि अंदाजे वेळा एका कागदावर लिहून फ्रिजवर लावल्या. त्याची दुसरी प्रत, घरच्या आणि होम-स्टेच्या नंबरांसकट, प्लॅस्टिकमध्ये घालून माझ्या हँडलच्या पाऊचमध्ये. कागदाला चार्जिंग लागत नाही.

फोन एरवी फ्लाइट मोडवर. बागमांडल्याला चालू केला. 'जेटी १.' उत्तर आलं, 'बरं. पाणी पी.'

बोटीवर सायकल चढवली की राईड पॉज करून यंत्र बंद करायचं. पुन्हा चालू केलं की माझी राईड तिथूनच पुढे सुरू होते. तुमच्या यंत्रात होते का, ते आधी घराच्या गच्चीवर बघून घ्या, जेटीवर प्रयोग नकोत. गेल्या वर्षी मी पॉज विसरले होते आणि रेकॉर्डनुसार सावित्रीच्या खाडीतून सायकल मारत गेले होते!

वेसवीपासून केळशीपर्यंत चढ-उतार असे, की कोकणातली माणसं सपाट हा शब्द कशाला वापरत असतील असा प्रश्न पडावा. रस्ता चुकला की आपोआप नवा रस्ता काढून देण्याची सोयही बंद केली होती. चहाला टपरीवर वळलं, तरी ते यंत्र लगेच डोकं खाजवत नवं गणित मांडायला बसतं. आता नुसतं 'बीप' करतं. मग कुणाला तरी विचारायचं. बुरोंडीच्या पुढच्या त्या फाट्यावर यंदा मुद्दाम थांबले. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक मावशी म्हणाली, 'दाभोळ? उजवीकडनं जा. डावीकडे काय नाय, नुसती बाग आहे.' माहितीये मला!

त्याआधी हर्णैला सुरमईचं ताट घेतलं आणि टेबलाखाली पॉवर बँकेतून जीपीएसला अर्धा तास पाजलं. इथे दोन गोष्टी जपायच्या. खारा वारा आणि घामाने चार्जिंगचं तोंड ओलं असतं, ते पुसल्याशिवाय वायर खुपसायची नाही. दुसरं म्हणजे यंत्र सावलीत ठेवायचं. उन्हात तापलेली बॅटरी चार्ज करणं म्हणजे तिचं आयुष्य कमी करणं. आणि केबल घरून निघण्यापूर्वी तपासा. काही यंत्रांना डेटावाली केबल लागली की ती कॉम्प्युटरला जोडल्यासारखी वागतात आणि रेकॉर्डिंग थांबवतात. माझ्या सीनियरची एक अख्खी ब्रेवे त्यात अर्धवट नोंदली गेलीय. चारशे किलोमीटर चालवले, दिसतात दोनशे दहा. ते सांगताना त्याचा आवाज अजून हलतो.

दाभोळला सव्वापाचला पोचले. ऊन तिरपं झालेलं, वाशिष्ठीचं पाणी तांब्याच्या रंगाचं, पलीकडे दिवे अजून लागायचे होते. खिडकीत तेच काका. मला ओळखतील असं वाटलं नव्हतं.

'काय ताई, आज फोन हवाय का?'

'नको काका, आज आहे.'

'बघू,' म्हणाले आणि खरोखर हात पुढे केला. मी जीपीएस दाखवला. ५८ टक्के. त्यांनी चष्मा वर करून आकडा वाचला, तिकीट फाडलं आणि सायकलला बोटीत कडेला जागा करून द्यायला एका पोराला हाक मारली.

'जेटी २,' मी टाइप केलं. धोपावेचा किनारा जवळ येईपर्यंत उत्तर नव्हतं. मग आलं. 'बाबा विचारतायत, अंजनवेलचे दिवे लागले का?'

तिसऱ्या दिवसाचं फार सांगत नाही. वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, जयगड. आरे-वारेच्या वळणावर आयुष्यात एकदा तरी सायकलवरून जा, एवढंच. रत्नागिरीत शिरताना यंत्रात ४१ टक्के होते. स्टँडवर उसाचा रस घेतला, सायकल बसच्या डिकीत आडवी केली आणि आईला शेवटचा एसएमएस केला. 'पोचले. बसमध्ये बसतेय.'

तिचा फोनच आला. म्हणाली, 'आता बसमध्ये तरी तो ठिपका लाव.'

लावला.