हे तुम्ही वाचा

उर्दू लिपीचा मला राग होता. गझला आवडीने ऐकायचो, पण उजवीकडून डावीकडे जाणारी ती अक्षरं दुकानाच्या पाटीवर दिसली की कपाळाला आठी पडायची. आमचं गाव लातूर जिल्ह्यात, उदगीरकडचं. तेव्हा तिथे निझामाचं राज्य; त्याच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र रझाकारांच्या भीतीने आजीने कित्येक रात्री ज्वारीच्या फडात काढलेल्या. कचेरीचा कागद उर्दूत, त्यामुळे आपल्याच शेताबद्दल काय लिहिलंय ते साध्या माणसाला कळायचं नाही, हेही तीच सांगायची. त्यात खोटं काही नव्हतं. निझामाचा सरकारी कारभार उर्दूत चाले. १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचंच.

पुढे नोकरीमुळे नांदेडला आलो. सचखंड गुरुद्वाऱ्याच्या परिसरात गुरुमुखी पाट्या रोज दिसायच्या. त्याही वाचता येत नव्हत्या, पण त्यांचा राग कधी आला नाही. देगलूर तालुक्यात तडखेलला चालुक्यांच्या काळातला कन्नड शिलालेख आहे, त्याचा तर अभिमानच वाटायचा. मग एकट्या उर्दूवरच राग का? हा प्रश्न मी टाळला, कारण उत्तर ठाऊक होतं. बंदुका घेऊन आलेल्यांचं पाप मी अक्षरांच्या माथी मारलं होतं, आणि ती अक्षरं वाचणाऱ्या प्रत्येकाच्याही. शेजारची पोरं उर्दू शाळेच्या वह्या घेऊन ओट्यावर बसत, त्यांच्याकडेही मी त्याच नजरेने पाहिलं. याची मला लाज वाटते.

२०२३ साली मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात घरोघर जुन्या पेट्या उघडल्या. आमच्या पेटीत एक उर्दू कागद निघाला, फसली १३४४ चा, म्हणजे १९३४-३५ चा. देगलूर नाक्याकडे राहणारे, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी असे कागद वाचून देतात, असं कळलं. गरज होती म्हणून गेलो.

गुरुजींनी कागद खिडकीपाशी धरला आणि ओळीखाली नख फिरवत वाचू लागले. पणजोबांचं नाव आलं, गावाचं आलं. मग ते अडखळले. "आंब्याचा... मला?"

"मळा," मी म्हणालो.

उर्दूत ळ नाही. कारकुनाने ल लिहून भागवलं होतं. ऱ्हस्व स्वरही बहुधा लिहीत नाहीत, त्यामुळे पुढे चतुःसीमा लागली तशी आमची जोडीच जमली. ते अक्षरं लावायचे, मी गावची आठवण लावायचो. पूर्वेला ओढा, दक्षिणेला गाडीवाट, पलीकडे कुणाचा बांध. जिच्या नावाने मी आयुष्यभर बोटं मोडली, त्या लिपीत आमचा मळा बांधासकट जपलेला होता.

तळाशी आल्यावर ते थांबले. कागद माझ्याकडे फिरवून म्हणाले, "ही मोडी आहे. तुमच्या पणजोबांची सही असणार. हे तुम्ही वाचा."

मला वाचता येईना.

मोडी आमची, शिवरायांच्या पत्रांची, हे मी भाषणांत सांगितलेलं. शिरोरेघ आधी ओढायची आणि बोरू न उचलता अक्षर वळवत न्यायचं, ही माहितीही पाठ होती. पण समोरच्या त्या एका ओळीतलं एक अक्षर मला लागेना. गुरुजी वाट पाहत होते. त्यांना वाटलं, कागद जुना आहे, वेळ लागत असेल. त्यांनी चहा सांगितला. मी कागदाकडे बघत राहिलो आणि अखेर म्हणालो, "मला मोडी येत नाही." परकी मानलेली लिपी वाचणारा माणूस मला सापडला होता, आपली म्हणून मिरवलेली वाचायला मीच नव्हतो. अभिमान आणि राग, दोन्ही न वाचताच बाळगले होते.

गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "आमच्याही घरात मोडीचे कागद आहेत. वडिलांच्या शेताचे. मलाही येत नाहीत."

मोडी फक्त आपलीच, हाही माझा समज त्याच बैठकीत गेला.

कुणबी नोंद त्या कागदात नव्हती. चुलतभाऊ म्हणाला, चक्कर फुकट गेली. मी मोडीच्या वर्गाला नाव घातलं. रविवारी गुरुजींकडे जातो. ते माझी अलिफ-बे तपासतात आणि मी त्यांच्या वडिलांच्या कागदावर अडखळत बसतो. सध्या गावाच्या नावापर्यंत पोचलोय.