पार्किंगचे पैसे घ्या

बंगळुरातल्या जयनगरमध्ये रस्त्यावर गाडी लावायचे पैसे घ्यावेत, आणि गर्दीच्या वेळी चांगले घसघशीत घ्यावेत, असं आता माझं मत झालं आहे. पूर्वी हेच कुणी म्हटलं असतं तर मी भांडले असते. २०१८ साली पुणे महापालिकेने रस्त्यावरच्या पार्किंगला शुल्क लावायचं धोरण मंजूर केलं आणि विरोध एवढा झाला की ते मोजक्या पाच रस्त्यांपुरतं आखडतं घ्यावं लागलं. मी तेव्हाही बंगळुरातच राहत होते, पण फोनवर पुण्याच्या बाबांशी बोलताना विरोधकांच्याच बाजूने तावातावाने बोलायचे. रस्ता आपल्या करातून झालेला, गाडी घेताना रोड टॅक्स भरलेला. मग ती उभी करायला पुन्हा पैसे कशाचे?

हे मत बदललं ते आमच्या भागातल्या एका कॉफीच्या दुकानापायी. चौथ्या ब्लॉकच्या जवळ, एका क्रॉसच्या, म्हणजे आडव्या गल्लीच्या, कोपऱ्यावर ते आहे. कॉफी उत्तम. रविवारी सकाळी मात्र तिथे जाणं म्हणजे मनस्ताप. गाडी लावायला जागा नाही म्हणून त्याच चार गल्ल्यांतून चकरा मारायच्या, मग कुणाच्या तरी फाटकाला निम्मी आडवी लावून धावत जायचं. टोकनची रांग वेगळी, कॉफीच्या काउंटरवरची झुंबड वेगळी, बसायला खुर्ची नाही. बाहेर येईपर्यंत फाटकवाले आजोबा चिडून उभे. घरी परतताना आमचं ठरलेलं बोलणं असायचं: एवढा धंदा करतात, मग गिऱ्हाइकांच्या गाड्यांची सोय करायला काय होतं?

गल्ल्यावरच्या अण्णांना एकदा हे मी तोंडावर म्हटलं. "रोड नम्दल्ला, मॅडम," एवढं म्हणून ते पुढच्या माणसाच्या टोकनकडे वळले. रस्ता आमचा नाही. तेव्हा मला ते उद्धट वाटलं होतं.

पुढे सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आणि त्यांना चालायला एकच ठिकाण हवं, ते कॉफीचं. घरापासून माझ्या पायांनी दहा मिनिटं. त्यांच्याबरोबर निघाले आणि तो रस्ता मला पहिल्यांदा नीट दिसला. फुटपाथ सुरुवातीला छान, वर झाडांची सावली. पुढे ट्रान्स्फॉर्मरचं कुंपण. त्याच्यापुढे फुटपाथवरच चढवलेल्या स्कूटर, एकीचं हँडल दुसरीच्या आरशात अडकलेलं, मधून माणूस आडवा होऊनही जाणार नाही अशा. खाली उतरायचं तर कडेचा दगड चांगला फूटभर उंच. सासूबाईंनी काठी माझ्या हातात दिली, एका स्कूटरच्या सीटवर हात टेकला आणि बरा पाय आधी की दुखरा आधी, याचा विचार करत थांबून राहिल्या. खाली उतरलो तर कडेला गाड्यांची सलग रांग, म्हणजे चालायचं तिच्याही बाहेरून, ऑटो आणि बसच्या वाटेत. मागून एका गाडीवाल्याने हॉर्न दिला. तो जागा शोधत होता, हे त्याच्या रेंगाळण्यावरून कळत होतं.

तोपर्यंत मी हा प्रश्न नेहमी ड्रायव्हरशेजारच्या सीटवरून पाहिला होता.

मग मी वाचायला लागले. जयनगरची पायाभरणी १९४८ सालची. रुंद रस्ते, ब्लॉक, मेन, क्रॉस, मधे बागा, हे सगळं राहत्या घरांसाठी आखलेलं, आणि तेव्हा मोटार असायची थोड्यांच्या दारात. आज बंगळुरात नोंदलेली वाहनं एक कोटीच्या वर गेली आहेत आणि राहत्या घरांच्या तळमजल्यावर दुकानं आली आहेत. एक गाडी उभी करायला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर जागा लागते, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. एवढ्या जागेत पंधरा माणसं आरामात उभी राहून कॉफी पितील. जयनगरमध्ये एवढ्या जागेचं दुकान भाड्याने घेऊन पाहा. तीच जागा रस्त्याच्या कडेला आपण दिवसभर फुकट वापरतो आणि आणखी मिळत नाही म्हणून कॉफीवाल्यावर रागावतो.

अमेरिकेतले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी फुकट पार्किंगच्या खऱ्या किमतीवर २००५ साली एक जाडजूड ग्रंथ लिहिला. लॉस एंजेलिसच्या वेस्टवूड व्हिलेज या छोट्या बाजारपेठेत नुसती जागा शोधत फिरणाऱ्या गाड्या वर्षाला साडेनऊ लाख मैल पळतात, असा त्यांचा हिशेब होता. आमच्या रविवारच्या चकरा मला त्यात सरळ दिसल्या. त्यांचा उपाय साधा आहे: दर एवढा ठेवा की प्रत्येक रस्त्यावर एखाद-दोन जागा मोकळ्या राहतील, आणि आलेला पैसा त्याच रस्त्यावर खर्च करा. अमेरिकेतल्याच पॅसाडिना शहराच्या जुन्या बाजारात १९९३ साली मीटर बसवले, उत्पन्न तिथल्याच फुटपाथ-दिव्यांना दिलं, आणि ओसाड पडत चाललेला तो बाजार पुन्हा गजबजला. जपानने तर १९६२ सालीच कायदा केला की रस्ता म्हणजे गाडी ठेवायची जागा नव्हे. जागा आधी दाखवा, मग गाडी घ्या.

कॉफीवाल्या अण्णांचं उत्तर यापेक्षा वेगळं नव्हतं. रस्ता त्यांचा नाही. तो शहराचा आहे, आणि त्याची व्यवस्था शहरानेच लावायची आहे.

दुकानातल्या सेवेबद्दलचं माझं मत मात्र निम्मंच बदललं. उभं राहून खायचं, टोकन घ्यायचं, आपलं आपण उचलायचं, याला मी पूर्वी गिऱ्हाइकाची हेळसांड म्हणायचे. पण ही पद्धत रुजली ती याच भागात. १९८३ साली जयनगरमध्ये कॅफे दर्शिनी सुरू झालं आणि पुढे अशा उभ्याच्या उपाहारगृहांना शहरभर 'दर्शिनी' हेच नाव पडलं. वेटर नाहीत, टेबलं अडवून बसणं नाही. जागेचं भाडं आणि पगार यांतून जे वाचतं त्यामुळे इडली-कॉफी रिक्षावाल्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळ्यांना परवडते. आमच्या दुकानात कॉफी करणारा मुलगा पाहावा. काउंटरवर ग्लासांची रांग, प्रत्येकात साखर, मगमधून डिकॉक्शनची धार एका हाताने सगळ्यांवरून सलग फिरते, आणि पाठोपाठ वाफाळतं दूध उंचावरून, फेस ग्लासाच्या कडेला येऊन थांबेल इतकंच. बाय-टू, म्हणजे एक कॉफी दोघांत, मागितलं तरी दोन्ही ग्लासांत रंग सारखा. याहून चांगली सेवा मी महागड्या कॅफेत सोफ्यावर बसून घेतलेली नाही.

पण टोकन घेतल्यावर ज्याचा हात लांब त्याला कॉफी आधी, हे मला आजही मान्य नाही. सासूबाई काउंटरपाशी पोचतच नाहीत. टोकनला नंबर असतो, तो पुकारायला जादा जागा लागत नाही. भिंतीला एक अरुंद बाक टाकला तर चार म्हाताऱ्या माणसांची सोय होईल आणि बाकीचे आनंदाने उभे राहतील. हे मी अण्णांना पुन्हा सांगितलं आहे, आणि सांगत राहणार आहे, कारण ही मागणी त्यांच्या आवाक्यातली आहे.

पार्किंगची मागणी आता मी शहराकडे करते. कर्नाटक सरकारने २०२१ साली बंगळुरासाठी नवं पार्किंग धोरण मंजूर केलं. त्यात भागवार आराखडे आहेत, रस्त्यावरच्या पार्किंगला शुल्क आहे, घरापुढे रस्त्यावर गाडी ठेवणाऱ्या रहिवाशांना वार्षिक परवाना आहे. तरी आमच्या क्रॉसवर आजही कडेला गाडी फुकटच लागते. वॉर्डातल्या लोकांशी बोलताना मी हाच विषय काढते, आणि शेजारी नाराज होतात. परवान्याचे पैसे आम्हालाही भरावे लागतील. ते मी भरेन.

नवऱ्याला हे अजून पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, शुल्काने मोठ्या गाडीवाल्याला काही फरक पडत नाही. भरडला जातो तो दिवसभर टूव्हीलरवर फिरणारा डिलिव्हरीचा मुलगा आणि बायकोला मागे बसवून आठवड्यातून एकदा कॉफीला येणारा माणूस. यात तथ्य आहे. म्हणून माझं म्हणणं असं की मोठ्या गाडीचा दर जागेच्या मानाने चढता ठेवा, आणि टूव्हीलरला, ती फुटपाथवर न चढवता आखलेल्या पट्ट्यात लावली तर, पहिली वीस मिनिटं काहीच घेऊ नका. आमच्या दुकानात तेवढ्यात इडली आणि कॉफी दोन्ही होतात.