ब्रॅटल रस्त्यावरील कचेरी

बॉस्टनहून केंब्रिजकडे जाणारी 'रेड लाइन' रेल्वे चार्ल्स नदीवरील लाँगफेलो पुलावर क्षणभर उजेडात येते आणि पलीकडचा काठ लागताच पुन्हा भुयारात शिरते. केंडल आणि सेंट्रल ही स्थानके मागे टाकून ती हार्वर्ड चौकाच्या पोटात थांबते. वर आले की रस्त्यापलीकडे लाल विटांची भिंत, तीत बसवलेली उंच लोखंडी फाटके आणि आत जुन्या वृक्षांच्या छायेतील ते जगप्रसिद्ध आवार दिसते. हे विद्यालय १६३६ साली स्थापन झाले. त्याच वर्षी इकडे दख्खनेत निजामशाहीचा अस्त झाला, हे लक्षात घेतले म्हणजे त्याच्या वयाची कल्पना येते.

आवारात जॉन हार्वर्डचा कांस्य पुतळा आहे. डॅनियल चेस्टर फ्रेंच या शिल्पकाराने तो १८८४ मध्ये घडवला. चौथऱ्यावर 'जॉन हार्वर्ड, संस्थापक, १६३८' एवढाच मजकूर आहे आणि त्यात एकही गोष्ट खरी नाही. जॉन हार्वर्ड हा संस्थापक नव्हता, मोठा देणगीदार होता. स्थापनेचे वर्ष दोनने चुकले आहे. आणि त्याचे एकही चित्र उपलब्ध नसल्याने शिल्पकाराने समोर एका तरुणाला बसवून चेहरा घडवला. पुतळ्याच्या डाव्या बुटाला हात लावल्यास भाग्य उजळते, असा प्रवाशांचा समज आहे. असंख्य हातांनी घासून तो बूट सोन्यासारखा चकाकतो, बाकी पुतळा काळवंडलेलाच आहे. उन्हाळ्यात या रांगेत गुजराती, मराठी, तेलुगू बोल सहज कानी पडतात. सोबतचा मुलगा किंवा मुलगी दहावी-अकरावीत असते आणि आईवडील छायाचित्र घेत असतात. जवळच वाइडनर ग्रंथालयाच्या भव्य पायऱ्या आहेत. 'टायटॅनिक' बोटीबरोबर बुडालेल्या एका ग्रंथप्रेमी तरुणाच्या स्मरणार्थ त्याच्या आईने ते बांधून दिले. त्या पायऱ्या सर्वांना चढता येतात; आत जाण्यास मात्र ओळखपत्र लागते.

ज्या घरात भाग्याचा निर्णय खरोखर होतो, तिकडे प्रवासी सहसा फिरकत नाहीत. चौकातून पश्चिमेस ब्रॅटल नावाचा शांत रस्ता जातो. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धापूर्वी इंग्रज राजाशी एकनिष्ठ असलेल्या धनिकांचे वाडे येथे होते. त्यांपैकी एका पिवळ्या वाड्यात जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७७५-७६ मध्ये आपला तळ ठोकला होता. पुढे कवी लाँगफेलो तेथे राहिले. त्या वाड्यापासून काही पावलांवर, ८६ क्रमांकाच्या इमारतीत, हार्वर्ड कॉलेजची प्रवेशकचेरी आहे. २०२४ साली दाखल होणाऱ्या तुकडीसाठी या कचेरीकडे ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ विद्यार्थ्यांना होकार मिळाला. शंभरात साडेतीनपेक्षा किंचित अधिक, असा हा हिशेब होतो.

भारतातील पालक हा आकडा उराशी धरून बसतात. पण तो त्यांच्या पाल्याचा आकडा नाही. एखाद्या पेढीचा सरासरी नफा पाहून तिच्या प्रत्येक शाखेचा अंदाज बांधावा, तसेच ते होईल. या सरासरीत अनेक निरनिराळे प्रवाह मिसळलेले आहेत. विद्यापीठाच्या संघांसाठी निवडलेले खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, प्राध्यापकांची मुले, मोठ्या देणगीदारांशी संबंध असलेले अर्जदार, अशा सर्वांचे वेगवेगळे वजन त्यात आहे. ही गोष्ट पूर्वी कुजबुजीची होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये बॉस्टनच्या बंदरकाठच्या संघीय न्यायालयात हार्वर्डविरुद्धचा खटला उभा राहिला, तेव्हा ती कागदोपत्री बाहेर आली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी साधारण तिसऱ्या हिश्शाला प्रवेश मिळतो, हे त्याच वेळी समजले. अर्जदाराला अभ्यास, अन्य उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व या सदरांत एक ते सहा असे गुण दिले जातात व एक हा सर्वोत्तम असतो, हेही तेव्हाच कळले. सुमारे चाळीस जणांची समिती एका खोलीत बसते, प्रदेशवार गठ्ठे उघडते आणि बहुमताने निर्णय घेते. त्या खटल्याचा शेवट जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात झाला आणि प्रवेशात वंशाचा विचार करण्यास बंदी आली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणाऱ्या झुकत्या मापाला त्या निकालाने हात लावला नाही.

परदेशी अर्जदार या प्रवाहांपैकी बहुतेकांच्या बाहेर उभा असतो. हार्वर्डच्या पदवी तुकडीत परदेशी विद्यार्थ्यांचा वाटा सहाव्या-सातव्या हिश्शाएवढा भरतो आणि त्या जागांसाठी अवघे जग दारात असते. भारतासारख्या देशातून गणितात पैकीच्या पैकी गुण मिळवणारे इतके अर्ज येतात की, नुसते गुण तेथे ओळख म्हणून उरत नाहीत. दहावीपासून शिकवण्या, नववीपासून सल्लागार, त्यांची लाखांच्या घरातील फी, कुणाच्या तरी संस्थेत चार दिवस समाजसेवा आणि तिचे प्रमाणपत्र, ही तयारी आता मुंबई-पुण्याइतकीच जिल्ह्याच्या गावीही दिसते. असे एकाच साच्यातून निघालेले अर्ज त्या चाळीस जणांना ओळखता येत नसतील, असे मानणे धाडसाचे आहे. याउलट, घरच्या दुकानात तीन वर्षे संध्याकाळी बसून ज्या मुलीने उधारीची वही संगणकावर आणली आणि तसे करताना गिऱ्हाइकांच्या परतफेडीच्या सवयींविषयी काही शोधून काढले, तिच्याजवळ सांगण्यासारखे काही आहे. व्यापारी घरांना आपल्या मुलांचे हे काम अर्जात लिहिण्याजोगे वाटत नाही, ही खेदाची बाब म्हटली पाहिजे.

येथे एक बारकावा आहे. 'परदेशी' कोण, हे घरचा पत्ता पाहून ठरत नाही. नागरिकत्व पाहिले जाते. वडील नोकरीनिमित्त न्यू जर्सीत असताना तेथे जन्मलेली आणि पुढे पुण्यात वाढलेली मुलगी अमेरिकन नागरिक म्हणूनच गणली जाते आणि आर्थिक साहाय्यासाठी तिचा विचार तसाच होतो. भारतीय पारपत्रावर न्यू जर्सीच्याच शाळेत शिकणारा, कायम वास्तव्याचा परवाना नसलेला मुलगा मात्र साहाय्याच्या बाबतीत परदेशी ठरतो.

यानंतर पैशाचा प्रश्न येतो, आणि व्यापारी कुटुंबाने सर्वांत अधिक लक्ष द्यावे असे ठिकाण हेच. २०२५-२६ या वर्षासाठी हार्वर्डने शिकवणी, निवास आणि भोजन यांचा एकत्रित खर्च ८६,९२६ डॉलर जाहीर केला. रुपयांत तो पाऊण कोटीच्या आसपास जातो. चार वर्षांचे तीन कोटी. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते, तेव्हा अडचण नियमाची नाही, तिजोरीची आहे. जागा सुटली तर गाळा विकू, असे म्हणणारी घरे थोडी नाहीत.

हार्वर्डमध्ये अर्जदाराने साहाय्य मागितले आहे की नाही, हे प्रवेशाचा निर्णय करताना पाहिले जात नाही आणि परदेशी विद्यार्थ्यालाही तोच नियम लागू आहे. येल, प्रिन्सटन, एमआयटी, डार्टमथ, ब्राउन आणि अ‍ॅमहर्स्ट व बोडन ही छोटी महाविद्यालये याच पंक्तीत बसतात. अशी नावे मोजकीच आहेत. स्टॅनफर्ड, कोलंबिया, कॉर्नेल आणि व्यापारी घरांत व्हार्टनमुळे विशेष परिचित असलेले पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ यांचा नियम वेगळा आहे. तेथे परदेशी अर्जदाराने साहाय्य मागितले, तर ती मागणी निर्णयाच्या पारड्यात पडते. म्हणून काही सल्लागार सांगतात, 'आता काही मागू नका, प्रवेश होऊ द्या, पुढच्या वर्षी पाहू.' हा सल्ला घातक आहे. अशा बहुतेक विद्यापीठांत पहिल्या वर्षी साहाय्य न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पुढील वर्षांत ते मागता येत नाही. दुसऱ्या वर्षी धंद्यात खोट आली, तर मुलगा अर्ध्यावर अडकतो.

हार्वर्डने २०२५ मध्ये जाहीर केले की, वार्षिक उत्पन्न दोन लाख डॉलरपर्यंत असलेल्या कुटुंबाला शिकवणी माफ आणि एक लाखापर्यंत असल्यास सर्वच खर्च माफ. हे वाचून इकडे अनेक घरांत आनंद झाला, कारण त्या मर्यादेत बसणारे आयकर विवरणपत्र बहुतेकांकडे असते. परंतु त्या घोषणेत 'सर्वसाधारण मालमत्ता असलेल्या कुटुंबांना' अशा अर्थाचे शब्दही आहेत. साहाय्याचा अर्ज केवळ उत्पन्न विचारून थांबत नाही. व्यवसायाचे मूल्य, त्यावरील देणी, ठेवी, गुंतवणूक, राहत्या घराव्यतिरिक्तची स्थावर, हे सारे तो विचारतो. राहते घर आणि निवृत्तीची पुंजी हार्वर्ड हिशेबात धरत नाही. गाळे, गोदाम आणि शेअर्स धरते. विवरणपत्रात बारा लाख आणि बाजारपेठेत तीन गाळे, असा ताळेबंद त्या कचेरीतील माणसाला सहज वाचता येतो. तीन भावांच्या एकत्र धंद्यात आपला हिस्सा किती, हे आधी सनदी लेखापालाकडून नीट मांडून घेतलेले बरे. अर्जातील आकडा आणि बँकेला कर्जासाठी दिलेला आकडा वेगळे असू नयेत, एवढे पथ्य पाळणे अवघड नाही.

मराठी माणसाचा या गल्ल्यांशी संबंध जुना आहे. गोव्याचे धर्मानंद कोसंबी पाली ग्रंथाच्या संशोधनासाठी १९१० मध्ये प्रथम हार्वर्डला आले. १९१८ मध्ये ते पुन्हा आले, तेव्हा अकरा वर्षांचा मुलगा दामोदर सोबत होता. तो केंब्रिजच्याच शाळांत शिकला, पुढे हार्वर्डमध्ये दाखल झाला आणि १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाला. गणिती व इतिहासकार डी. डी. कोसंबी ते हेच. त्यांनी अर्ज केला तो समुद्रापलीकडून नव्हे, शेजारच्या रस्त्यावरून. आजच्या अर्जदारांना ही सोय नाही.

हार्वर्ड चौकातून मॅसॅच्युसेट्स अ‍ॅव्हेन्यूने सरळ चालत गेले, तर पाऊण तासात एमआयटीचे खांब दिसू लागतात. ही संस्था नदीच्या या काठावर १९१६ मध्ये आली. त्याआधी ती बॉस्टनमध्ये होती. तेथेच १८८२ मध्ये पुण्याचे केशव मल्हार भट दाखल झाले. एमआयटीत शिकण्यास गेलेले ते पहिले भारतीय मानले जातात. पुढे काचविद्या शिकण्यास आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तळेगावच्या पैसाफंड काच कारखान्याची धुरा वाहिली. आज एमआयटीत माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकते माप मुळीच मिळत नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. पण परदेशी पदवी विद्यार्थ्यांची संख्या तेथे मर्यादित ठेवलेली असते. एकंदर अर्जदारांत साडेचार टक्क्यांच्या आसपास निवडले जातात, तर परदेशीयांत दोनच्या आसपास.

मात्र याच इमारतींच्या लांबलचक मार्गिकेत दुपारी उभे राहिले, तर भारतीय चेहरे पावलापावलाला दिसतात. पदवीच्या वर्गांत परदेशी विद्यार्थी सुमारे एक दशांश असले, तरी पदव्युत्तर व संशोधनाच्या वर्गांत ते दहात चार आहेत. डॉक्टरेट करणाऱ्यांची शिकवणी व निर्वाहवेतन बहुधा संस्थाच देते. अठराव्या वर्षी बंद झालेले दार बाविसाव्या वर्षी निराळ्या कसोटीवर पुन्हा ठोठावता येते आणि तेव्हा गाळा विकावा लागत नाही. इकडच्या बैठकींत ही गोष्ट फारशी बोलली जात नाही, कारण बारावीनंतरच्या होकाराला मिळतो तसा गाजावाजा तिला मिळत नाही.

प्रवेश मिळाल्यावरही राज्यकर्त्यांची मर्जी उरतेच. २२ मे २०२५ रोजी अमेरिकन सरकारने परदेशी विद्यार्थी घेण्याचा हार्वर्डचा परवानाच रद्द केला. सुमारे ६,८०० विद्यार्थ्यांचे भवितव्य एका रात्रीत टांगणीला लागले. दुसऱ्याच दिवशी त्या आदेशाला स्थगिती मिळाली. ती देणाऱ्या न्यायाधीश अ‍ॅलिसन बरोज याच पूर्वी प्रवेशाच्या खटल्यातही होत्या. पण त्या एका दिवसात अनेक पालकांनी दुसऱ्या देशांतील विद्यापीठांची पत्रे पुन्हा शोधून काढली असतील.

एमआयटीचा निकाल अलीकडे १४ मार्चला, पाय या गणिती संख्येच्या दिवशी लागतो. वेळही त्याच थाटाची, सायंकाळी सहा वाजून अठ्ठावीस मिनिटे, म्हणजे पायची दुप्पट. चार्ल्सच्या काठी तेव्हा सूर्यास्त होत आलेला असतो. सांगली-सोलापूरच्या घड्याळात पहाटेचे तीन वाजून अठ्ठावन्न मिनिटे झालेली असतात.