ओला जांभा

राजापूरच्या आमच्या घराची मागची भिंत जांभ्याची होती. होती म्हणायचं, कारण घर उतरवलं, चिरे विकले गेले. तिचा एक फोटो मात्र मी काढून ठेवलाय. आषाढातला, सर नुकती थांबलेली. चिरे ओले, सांध्यांत शेवाळ, उजव्या कोपऱ्यात पडवीपलीकडचा भाताचा तरवा. तो 40 बाय 60 इंचांचा छापून पुण्याच्या घरात लावायचा, एवढीच हौस. तिच्यापायी तीन दुकानं झाली.

जांभ्याचा रंग सांगायचा कसा? नाव जांभा, पण जांभळा म्हणवत नाही. विटकरी म्हणावा तर आमसुलाची झाक दिसते, आमसुली म्हणावा तर गंजाची. आपल्याकडे रंगांची नावं परसातून आणि कोठीतून आली आहेत. डाळिंबी, वांगी, अबोली, आमसुली. ऐकलं की आधी चव नाहीतर वास आठवतो, मग रंग. यंत्राला आकडे लागतात.

पहिल्या दुकानातून आला तो फोटो काळोखा. भिंत तिन्हीसांजेची वाटत होती. चूक माझीच निघाली. लॅपटॉपचा उजेड शेवटपर्यंत चढवून मी फोटोवर काम केलं होतं. पडदा स्वतःच उजळतो. कागद खोलीतल्या उजेडावर जगतो. दुसऱ्या दुकानात भिंत राणी रंगाकडे झुकली. तिथल्या मुलानं शपथेवर सांगितलं, “ताई, आमच्या स्क्रीनवर अस्संच दिसतंय.” नंतर कळलं, तिथे रंगांचं गणित एकदा सॉफ्टवेअरनं केलं होतं आणि तेच पुन्हा प्रिंटरनंही. आईनं आमटीत मीठ घालावं आणि मागून येऊन काकूनंही घालावं, तसं.

तिसऱ्या ठिकाणी जाताना मी जांभ्याचा एक तुकडा रुमालात बांधून नेला. खोलीच्या भिंती राखी, खिडक्या बंद, टेबलावर 5000 केल्विनची ट्यूब. तिथले गृहस्थ दगड बघून हसले नाहीत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “घरात दिवे पिवळे की पांढरे?”

मग ते बोलत राहिले आणि मी ऐकत. 44 इंची प्रिंटरमध्ये दहा-बारा शाया असतात. करड्याच दोन, काळ्याही दोन. प्रत्येक कागद शाई वेगळी पितो, म्हणून प्रत्येकाचं प्रोफाइल वेगळं. त्यासाठी यंत्राची सगळी रंगदुरुस्ती बंद करून शेकडो रंगीत चौकोन छापायचे, वाळू द्यायचे आणि मीटरनं एकेक मोजायचा. मागितलेला रंग आणि उमटलेला रंग यांतला फरक तिथे कळतो. या प्रोफाइलांची सामायिक भाषा ठरवण्यासाठी 1993 साली काही कंपन्या एकत्र आल्या. एरवी धंद्यात एकमेकींचे गळे धरणाऱ्या.

तरव्याचा हिरवा मात्र शाईच्या आवाक्याबाहेरचा निघाला. अशा वेळी दोन वाटा. भरलेल्या एसटीत कंडक्टर ‘सगळे जरा आत सरका’ म्हणतो, तसे सगळेच रंग थोडे आत घ्यायचे. नाहीतर बसलेल्यांना तसंच ठेवून दारात लोंबकळणाऱ्यांना तेवढं आत ओढायचं. आम्ही दुसरी वाट धरली. तरवा जरा मलूल झाला, भिंत जागची हलली नाही.

दगडावरून मला मळवलीचा छापखाना आठवला. राजा रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईत काढलेला आणि पुढे लोणावळ्याजवळ हलवलेला. तिथे रंग दगडावरूनच छापत, एका रंगाला एक दगड. कुठल्या दगडावर किती लाल, हे कारागिराचा डोळा ठरवायचा.

कागद निवडताना मी सुती मॅटवर बोट ठेवलं. टिनोपाल घातल्यासारखा चकचकीत पांढरा मला नको होता. अशा कागदात खरोखरच त्याच जातीची रसायनं असतात आणि दिवा बदलला की पांढऱ्याचा नूर बदलतो. गृहस्थांनी मीटर माझ्या दगडावर टेकवला. सच्छिद्र दगड, जागा बदलली की आकडे वेगळे. त्यांनी मीटर बाजूला ठेवला, पाण्याची बाटली उघडली आणि दगडावर चार थेंब सोडले.

थेंब पसरले तेवढ्या जागेत दगड गडद झाला. मघाचा पिठूळ, मातकट तुकडा एकदम आमसुलासारखा दिसायला लागला. बाजूची कोरडी कड तशीच फिकी. “कोरड्या खरबरीत पृष्ठावर उजेड सगळीकडे विखुरतो आणि रंगात पांढरट धूसरपणा मिसळतो. पाणी भोकं भरतं. मॅट म्हणजे हा कोरडा दगड, ताई. तुमच्या फोटोतली भिंत ओली आहे.” म्हणून किंचित चकाकीचा, टिनोपालविना कागद घेतला. आधी वीतभर पट्टी छापली. ती हातात घेऊन मी घाई करायला लागले तर म्हणाले, “आज काही ठरवू नका. शाई बसू दे.” तोवर टेबलावरचा दगड पुन्हा पिठूळ झाला होता.

फोटो लागला. दिवे मुद्दाम त्यांनी सांगितले तसले बसवले. दिवाळीत आत्या आली. त्या घरात तिनं चाळीस पावसाळे काढलेत. चष्मा पुसून ती बराच वेळ फोटोसमोर उभी राहिली. मी श्वास रोखून धरलेला.

“शेवाळ किती माजलंय गं,” ती म्हणाली. “मी असते तर खरवडून काढलं असतं.”