बांजाखालची वाट

उखीमठहून चोपत्याकडे जाणारा रस्ता मध्येच सोडला की सारी गाव येतं. तिथून देवरियाताल हे तळं जेमतेम अडीच-तीन किलोमीटर, तेही दगडी पायवाटेनं. सह्याद्रीचे कडे चढलेली आपली मंडळी ही चढण भराभर उरकतात. सगळ्यांना वर पोचायची घाई, कारण सकाळच्या निवळ पाण्यात चौखंबा शिखर दिसतं, ७,१३८ मीटरचं. ही ओढ मला कळते; घाई मात्र पटत नाही.

या वाटेचं वैभव अधेमध्येच आहे. शेतं मागे पडतात आणि बांज सुरू होतो. बांज म्हणजे तिथला ओक. पानं वरून गर्द हिरवी, खालून पांढुरकी. वारा सुटला की अख्खं झाड रंग पालटतं. मार्च-एप्रिलात त्यात लालभडक बुरांस फुललेला. पायाखाली कुजक्या पानांचा ओलसर थर. पावसाचं, वितळत्या बर्फाचं पाणी तो धरून ठेवतो, सावकाश मुरू देतो. बांज राहिला तर झरा राहील, हे गढवाली बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. गुरांचा चारा, चुलीचं सरपण, शेताचं खत, सगळं त्यांना याच रानातून मिळतं. रानासाठी इथली माणसं उभीही राहिली आहेत. उखीमठहून येणारा रस्ता चोपता ओलांडून पलीकडे मंडल गावाला उतरतो. १९७३ मध्ये खेळाचं साहित्य बनवणाऱ्या कंपनीला दिलेली अंगूची झाडं तिथल्या गावकऱ्यांनी तोडू दिली नाहीत. चिपको आंदोलनाची सुरुवात ती. त्याच वर्षी केदारनाथच्या वाटेवरचं फाटा गावही असंच झाडांसाठी उभं राहिलं.

यक्षानं पांडवांना प्रश्न विचारले ते याच तळ्याकाठी, असं गावकरी सांगतात. लहानपणी मला त्या गोष्टीत युधिष्ठिराच्या उत्तरांचं कौतुक वाटायचं. काठावर उभं राहिल्यावर यक्षाची बाजू पटली. कितीही तहान लागो, ओंजळ भरण्याआधी थांब, एवढंच तर तो म्हणत होता.

२०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयानं बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली. तंबूंवर पोट असलेल्यांची त्यात ओढाताण झाली, ती खरीच आहे. तरीही मला ते थांबणं हवंसं वाटतं. मुक्काम सारीतच एखाद्या घरी करावा, मंडव्याची, म्हणजे नाचणीची, भाकरी खावी, पहाटे बॅटरी घेऊन निघावं. पैसा गावात राहतो, काठ मोकळा राहतो. आणि उतरताना चाऱ्याचा भारा घेतलेली कुणी दीदी समोरून आली, तर बाजूला सरून आधी तिला वाट द्यावी.